मुलामुलींची हॉकी लीग आणि अ-ब-क गटांची जुळणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीनंतर मैदानं वाळली की रत्नागिरी-सिंधुदुर्गात आमच्यासारख्यांची सामने लावायची लगबग सुरू होते. गटांची यादी लागली की त्याच संध्याकाळी फोन सुरू होतात. कबड्डी आणि टेनिस क्रिकेटच्या या पट्ट्यात हॉकी खेळणारी पोरं आधीच मोजकी, त्यात त्यांचे ताकदीनुसार अ, ब, क असे तीन गट कशाला, हा राग समजण्यासारखा आहे. दरवर्षी तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. तुमच्या तालुक्यात लीग सुरू करायची असेल तर यातलं हवं ते उचला.

गट पाडायचेच कशाला? सगळ्यांना एकत्र खेळू द्या की!

एकत्र खेळण्याची सोय शालेय स्पर्धेत आहेच. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या असतात, नेहरू हॉकी १५ आणि १७ वर्षांखालची. हे सगळे गट वयाचे आहेत, ताकदीचे नाहीत, आणि सामने बाद पद्धतीने होतात. शालेय स्पर्धांसाठी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागात मोडतात. म्हणजे जिल्ह्यातून पुढे गेलेल्या आपल्या पोरांची गाठ टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, सराव करणाऱ्या कोल्हापूरच्या संघांशी पडते. पहाटे निघायचं, आंबा नाहीतर करूळ घाट चढायचा, पहिल्याच सामन्यात डझनभर गोल खायचे आणि रात्री परत. कित्येक शाळांचा वर्षाचा हॉकीचा हंगाम तेवढाच असतो.

लीग ही कसर भरून काढण्यासाठी आहे. पोराला वर्षाकाठी आठ-दहा सामने मिळावेत आणि त्यातले निम्मे तरी शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत कोणाचेही होऊ शकतील असे असावेत, एवढंच आम्ही बघतो. लीग नीट चालली की नाही हे मोजायला करंडक उपयोगाचा नाही. एक-दोन गोलांच्या फरकाने संपलेले सामने किती, ते मोजा.

म्हणजे अ गट हुशारांचा आणि क गट 'ढ' पोरांचा, असंच ना?

नाही. पण हा समज काढणं कठीण जातं हेही खरं. "सर, माझ्या झिलाक ब गटात कित्याक घातल्यात?" हा फोन कुडाळ-मालवणकडून येतो, तर चिपळूणकडून तोच प्रश्न जरा कडक भाषेत. गट म्हणजे कोणाचा सामना कोणाशी लावायचा याची सोय. ती जोडी चुकली तर बदलता येते, म्हणून आम्ही यादी पेन्सिलीने लिहितो.

एकतर्फी सामन्यात नुकसान दोघांचं होतं, हे मात्र पालकांच्या लक्षात येत नाही. हरणाऱ्याचं डोळ्यांना दिसतं. जिंकणाऱ्याचं असं की त्याचा बचावफळीतला पोर सामनाभर कमरेवर हात ठेवून उभा असतो आणि पुढचे तिघे पास न देता एकट्याने ड्रिबल करत गोल करायला शिकतात. पुढे खरा संघ समोर आला की हीच सवय नडते.

गट ठरवता कसे?

दोन टप्प्यांत. आधी मैदानावरची चाचणी, मग जुळणी फेरी.

चाचणीत आम्ही थोडंच बघतो. चालता चेंडू स्टिकवर थांबवता येतो का, आठ-दहा शंकूंमधून चेंडू स्टिकजवळ ठेवून नेता येतो का, उलट्या, म्हणजे डाव्या बाजूने येणारा पास घेता येतो का. शेवटी तीन विरुद्ध तीन असा छोटा खेळ, आणि खरं काय ते त्या खेळातच कळतं. शंकूंमधून सर्रकन जाणारा पोर समोर माणूस आला की गडबडतो. उलट ज्याचा चेंडू शंकूंना धडकत होता तोच मोकळी जागा बरोबर हेरतो. म्हणून छोट्या खेळाला निम्म्याहून जास्त गुण.

चाचणीआधी स्टिक तपासा. सातवीतला पोर मोठ्या भावाची साडेछत्तीस इंची स्टिक घेऊन येतो, दांड्याचा वरचा भाग पोटात टोचतो म्हणून ती मधेच धरतो, आणि मग त्याचा प्रत्येक थांबा फसतो. त्याला त्याच्या मापाची स्टिक हातात द्या आणि पुन्हा बघा. एक गट वर गेलेले पोर आम्ही असे पाहिले आहेत.

जुळणी फेरीत सगळे संघ अर्ध्या वेळेचे तीन-तीन सामने खेळतात. करंडक नाही, गुणतक्ता नाही. त्यावरून अंतिम गट.

आम्ही गेल्या वर्षी अ गटाचे विजेते. यंदा ब मध्ये कसे?

मोठ्यांच्या लीगमध्ये शेवटचा संघ खाली आणि पहिला वर, हे ठीक चालतं. तिथे संघ बराचसा तोच राहतो. शाळेच्या संघात दहावीची पोरं जूनमध्ये गेली की अर्धा संघ जातो. गेल्या वर्षीचा करंडक ज्यांनी जिंकला ते आता अकरावीला रत्नागिरीत नाहीतर पुण्यात, आणि त्या करंडकाच्या जोरावर अ गटात उभे आहेत आठवीचे नवखे. हे त्यांच्यावर अन्यायाचं आहे. म्हणून जुना निकाल आम्ही फक्त जुळणी फेरीत कोण कोणाशी खेळेल ते ठरवायला वापरतो. बढती-घसरण आपोआप होत नाही.

गुण देण्याची ती 'बुद्धिबळवाली' पद्धत नेमकी काय आहे?

बुद्धिबळात एलो मानांकन असतं, तीच कल्पना. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघानेही २०२० पासून जागतिक क्रमवारी याच धर्तीवर केली आहे: प्रत्येक सामन्यात दोन संघांमध्ये गुणांची देवघेव होते आणि कोणाला किती मिळणार ते आधीच्या क्रमवारीवर अवलंबून असतं.

आमच्याकडे प्रत्येक संघ १००० वर सुरू होतो. बरोबरीच्या दोन संघांत जो जिंकेल त्याला २० मिळतात, हरणाऱ्याचे २० जातात. दोघांत २०० चा फरक असेल तर वरच्याने जिंकून फक्त १० मिळतात, पण खालच्याने जिंकलं तर ३०. बरोबरी झाली तरी खालच्याला १० मिळतात. ४०० चा फरक असेल तर वरच्याला जिंकून जेमतेम ४, आणि खालच्याने बाजी मारली तर त्याला ३६. २०० च्या फरकाचा अर्थ असा की वरचा संघ साधारण चारपैकी तीनदा जिंकेल. एका गटातल्या पहिल्या आणि शेवटच्या संघात यापेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, हा आमचा दंडक. अंतर वाढलं की गट पुन्हा बघायचा.

गोल किती झाले हे या हिशेबात धरत नाही, आणि ते मुद्दामच. ९-० ला ३-० पेक्षा जास्त गुण दिले की प्रशिक्षक नवव्या गोलासाठी ओरडतो.

कॅल्क्युलेटर आणि वही पुरते, संगणक लागत नाही. गणिताच्या बाईंना सांगा, त्या पाच मिनिटांत तक्ता करून देतील.

हंगामाच्या मध्येच संघ किंवा खेळाडू बदलता येतो?

संघ एकदाच, डिसेंबरच्या शेवटी. खेळाडू वर केव्हाही जाऊ शकतो, पण तीन अटींवर: त्याची इच्छा हवी, दोन्ही प्रशिक्षकांचं एकमत हवं, आणि वरच्या संघात त्याला निम्मा वेळ तरी खेळायला मिळायला हवा. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. अ गटाच्या बाकावर बसून राहण्यापेक्षा ब गटात सामनाभर पळणं केव्हाही बरं. पालकांना हे पटायला वेळ लागतो, पोरांना लगेच पटतं.

सामना एकतर्फी व्हायला लागला तर मैदानावर काय करायचं?

उत्तर अमेरिकेतल्या मुलांच्या आइस हॉकीत अनेक ठिकाणी पाच-सहा गोलांचा फरक पडला की घड्याळ थांबवत नाहीत, वेळ पळू देतात. सामना लवकर संपतो. बर्फाचं मैदान तासावर भाड्याने घेतात तिथे ते सोयीचंही पडतं. आपल्याकडे पोरं गुहागरहून एसटीने आलेली, त्यांचा खेळ लवकर संपवून काय मिळवायचं?

आम्ही असं करतो. चार गोलांचा फरक पडला की पिछाडीचा संघ एक जादा खेळाडू उतरवू शकतो. सहा झाले की फलकावरचा आकडा गोठतो आणि पुढचा खेळ नुसता खेळ. आघाडीच्या प्रशिक्षकाने बचावातली पोरं पुढे आणि पुढची मागे पाठवायची. हॉकीत खेळाडू कितीही वेळा आतबाहेर करता येतात, त्यामुळे ज्यांना कमी वेळ मिळतो त्यांना उतरवायची हीच वेळ.

"गोल करू नका" असं मात्र पोरांना कधी सांगू नका. समोरचा संघ मुद्दाम चेंडू इकडेतिकडे ढकलत राहिला की हरणाऱ्या पोरांना ते लगेच कळतं, आणि ते सातव्या गोलापेक्षा जास्त झोंबतं. काम अवघड करून द्या: चार पास झाल्याशिवाय फटका नाही, किंवा प्रत्येकाने एकदा उलट्या बाजूने पास द्यायचा.

आमच्या संघाला गोलरक्षकच नाही. आम्ही क मध्येच का?

हा खरा दुखरा भाग आहे. लहान वयाच्या हॉकीत गटांचं सगळं गणित एका पोरावर उलटतं, आणि तो पोर म्हणजे गोलरक्षक. बाकी दहा जण सारखे असले तरी एका बाजूला पॅड, किकर (पावलावरचं जाड फोमचं कवच), हेल्मेट, छातीचं कवच घातलेला आणि दुसऱ्या बाजूला क्रिकेटचे पॅड बांधून उभा केलेला, तर सामना संपल्यातच जमा. क्रिकेटच्या पॅडने गुडघा वाचेल, पाऊल उघडंच राहतं. चेंडू लागतो तो पावलावर. एकदा बोटं ठेचली गेली की तो पोर पुढच्या वर्षी हॉकीला येत नाही.

पूर्ण संच एका शाळेला परवडत नाही. म्हणून संच लीगचे आहेत, शाळांचे नाहीत. प्रत्येक मैदानावर दोन संच असतात, सामना संपला की ते पुढच्या संघाकडे जातात. ओलं झालेलं फोम खारट दमट हवेत दोन दिवसांत कुबट होतं, ते उन्हात उलटं टाकायचं काम यजमान शाळेचं. आणि ब-क गटांत गोलरक्षक फिरते ठेवले आहेत: ज्यांना गोलात उभं राहायचंय अशा पोरांची वेगळी यादी करतो आणि ती सामन्यागणिक संघांत वाटतो. शाळेचा अभिमान थोडा दुखावतो, पण सामने चुरशीचे होतात. गेल्या काही वर्षांतल्या आमच्या सगळ्या बदलांपैकी गुण आला तो याच एका बदलाने, असं माझं मत.

पेनल्टी कॉर्नरचं काय? एकच पोर सगळे गोल करतो.

क गटात पेनल्टी कॉर्नर (गोलाजवळ बचाव करणाऱ्याने नियम मोडला की समोरच्याला मिळणारी गोलाची खास संधी) नाही, त्याऐवजी २३ मीटरच्या रेषेवरून फ्री हिट. ब गटात आहे, पण बचाव करणाऱ्यांना चेहऱ्याचे मास्क सक्तीचे. नियमानुसार कॉर्नरवरचा पहिला जोरदार फटका गोलातल्या ४६० मिलिमीटर उंच फळीपेक्षा वर जाता कामा नये. ड्रॅग फ्लिकला (चेंडू स्टिकने ओढत उचलून फेकायचा) ती मर्यादा नाही, आणि त्या वयात एखाद्यालाच ती जमते. मग तो संघ खेळच करत नाही, समोरच्याच्या पायाला चेंडू लावून कॉर्नर मिळवत बसतो. अ गटात पूर्ण नियम. तिथे कॉर्नर अडवायला शिकायलाच हवं.

काही संघ मुद्दाम खालच्या गटात उतरतात का?

उतरतात. जुळणी फेरीत दोन तरबेज पोरांना 'ताप' येतो, आणि पहिल्या सामन्याच्या दिवशी ती ठणठणीत बरी होतात. करंडक घरी न्यायचा सोपा रस्ता. यावर पंचांनी डोळे वटारून काही होत नाही. आम्ही दोन गोष्टी केल्या: जुळणी फेरीत न खेळलेला पोर पुढे थेट अ गटाचा धरला जातो, आणि ब-क गटांच्या अंतिम सामन्याला करंडकच ठेवला नाही. सगळ्यांना सारखी टोपी. चोरण्यासारखं काही उरलं नाही की चोरीही कमी होते.

वयाचा दाखला कोणता चालतो?

जन्मदाखला किंवा शाळेच्या रजिस्टरचा उतारा, सोबत आधार. आजोबांच्या पिढीत सरसकट १ जून जन्मतारीख लावायची पद्धत होती, आता ते चालत नाही.

दाखला खरा असला तरी एकाच वयोगटात काही पोरं एवढी थोराड कशी?

कारण वर्षभराचा फरक त्या वयात फार असतो. शालेय स्पर्धांचं वय १ जानेवारीने मोजतात, म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच रांगेत. कॅनडातल्या आइस हॉकीत १९८० च्या दशकात संशोधकांना दिसलं की वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा जास्त आहे. नवव्या-दहाव्या वर्षी थोडा मोठा असलेला पोर निवडला जातो, मग त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त सामने मिळतात, आणि काही वर्षांनी तो खरोखरच सरस होतो. गट पाडणाऱ्याने आपल्या हाताने केलेला हा फरक असतो.

म्हणून चाचणीच्या कागदावर आम्ही जन्ममहिना लिहितो. दोघांचे गुण सारखे असतील तर धाकटा वर. आणि चाचणी घेणाऱ्याला पोराची उंची बघून भुरळ पडते, ती पडू नये म्हणून छोट्या खेळात पोरं उंचीनुसार वाटून घ्या.

मे महिन्यात मुंबईहून आलेली मुलं खेळवता येतील का?

लीगमध्ये नाही, मे महिन्यातल्या मजेच्या सामन्यांत जरूर. चाकरमान्यांची पोरं सुट्टीत गावी येतात, त्यातली एखाद-दुसरी मुंबईत टर्फवर खेळलेली असतात, आणि गावाला वाटतं आपला संघ तयार झाला. जूनमध्ये ती परत गेली की त्यांच्या जागी आठवडाभर बाजूला बसलेला गावचा पोर उरतो. त्यांच्याकडून शिकून मात्र घ्या. सकाळी आंबे उतरवायच्या आधी दोन तास मिळतात.

गावच्या क्रिकेटसारखा खेळाडूंचा लिलाव का करत नाही? संघ आपोआप सारखे होतील.

मोठ्यांना करू दे. बारा वर्षांच्या पोरावर बोली लागली नाही तर तो घरी जाऊन काय सांगणार? एकाच गावात दोन-तीन संघ सारखे करायचे असतील तर पोरं गुणांनुसार मांडा आणि प्रशिक्षकांनी उलटसुलट क्रमाने निवडा: पहिला, दुसरा, तिसरा, मग तिसरा, दुसरा, पहिला. दार बंद करून. कोण कितवा निवडला गेला हे बाहेर सांगायचं नाही. सख्खी भावंडं एकत्र, आणि ज्यांचे वडील एकाच रिक्षाने सोडायला येतात तीही एकत्र. नाहीतर रविवारी अर्धा संघ पोचत नाही.

मैदानाचा निकालावर परिणाम होतो का?

खूप. पूर्ण मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद लागतं. कोकणात एवढी सपाट जागा सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सापडते किंवा भात कापल्यावर मळ्यात. कातळावर टाकलेल्या लाल मातीवर चेंडू उसळतो, तिथे पास देणारा संघ फसतो आणि ताकदीने मारणारा जिंकतो. मळ्यात उलट, चेंडू दबून जातो. एकच दोन संघ, दोन मैदानांवर दोन वेगळे निकाल. म्हणून मानांकनाच्या वहीत निकालापुढे मैदानाचं नाव लिहितो, आणि निव्वळ घरच्या मैदानावर जिंकणाऱ्या संघाला वर चढवताना घाई करत नाही.

पूर्ण मैदान नसेल तर पाच-पाच खेळाडूंची हॉकी लावा. २०१४ च्या नानजिंग युवा ऑलिंपिकमध्ये हाच प्रकार होता, आणि २०२४ मध्ये समोरच्या किनाऱ्यावर, मस्कतला त्याचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुली तिथे अंतिम फेरीत नेदरलँड्सकडून हरल्या. क गटासाठी तर मी हीच पद्धत सुचवेन. प्रत्येकाच्या स्टिकला चेंडू जास्त वेळा लागतो.

मुलींचे वेगळे गट का नाहीत?

बारा वर्षांपर्यंत एकत्र, गट फक्त खेळावरून. त्यापुढे मुलींचे संघ वेगळे. पण ते कमी आहेत, त्यामुळे त्यांच्यात अ-ब-क पाडले तर दोन-दोन संघ उरतात. तिथे आम्ही गट पाडत नाही, खेळाडू वाटून घेतो. देवरुखची बचावपटू रविवारी लांज्याच्या बाजूने खेळली तर काही बिघडत नाही.

ताकदीनुसार गट म्हणजे प्रवास वाढणार. दापोलीच्या पोरांनी कुडाळला जायचं?

जायचं नाही. जुळणी कितीही चांगली असली तरी एका सामन्यासाठी पूर्ण दिवस एसटीत घालवायला लावणं चुकीचं. उत्तरेचे संघ चिपळूणला, मधले रत्नागिरीला, दक्षिणेचे कणकवलीला, असे एकाच ठिकाणी दिवसभरात तीन-तीन सामने. तिन्ही ठिकाणी कोकण रेल्वेची स्थानकं आहेत. दोन-तीन रविवारी पुरे होतं. त्यापायी एखाद्या विभागात गट थोडा विस्कळीत झाला तर चालवून घेतो.

या लीगचे दहावीला क्रीडागुण मिळतात?

नाही. ते शासनमान्य स्पर्धांचे.

निकाल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर का टाकत नाही?

अ गटाचे टाकतो. लहानांचे नाही. नॉर्वेत अकरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांचे निकाल आणि क्रमवारी जाहीरच करत नाहीत, आणि हिवाळी ऑलिंपिकमध्ये पदकं त्यांनाच सर्वाधिक. दोन्हींचा संबंध लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा. आमचं कारण साधं आहे: ०-६ चा आकडा काकापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना पोचतो, आणि सोमवारी शाळेत पोराला तोच ऐकावा लागतो.

गटाबद्दल तक्रार कुठे करायची?

जुळणी फेरी संपल्यावर दोन दिवसांत, प्रशिक्षकांमार्फत, लेखी. चाचणीचा कागद पालकांना दाखवतो, दुसऱ्याच्या पोराचा दाखवत नाही. सामना चालू असताना मैदानाच्या कडेने पंचांना विचारू नका. गट त्यांनी पाडलेले नसतात, आणि त्यातले बरेचसे पंच स्वतः अकरावी-बारावीची पोरं आहेत.